मूक कॅलिओपी : अग्निबाणधारी रणगाड्याची प्रतिकृती आणि युद्धखेळातील अनुकृतीचा प्रश्न

१

मेजावर मांडून खेळावयाचा युद्धखेळ हा विद्यापीठीय पत्रिकेतील चर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेळ हा करमणुकीचा प्रांत आणि समीक्षा हा वाङ्मयाचा व कलांचा, अशी वाटणी आपण बहुधा गृहीत धरलेली असते. परंतु ज्या खेळात एका निश्चित ऐतिहासिक युद्धाचे, त्यातील निश्चित शस्त्रांचे व प्रसंगांचे चित्र उभे केल्याचा दावा केलेला असतो, तो खेळ अनुकृतीच्या प्रश्नापासून सुटू शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये इतिहासकार व कवी यांच्यातील भेद सांगताना, घडले ते सांगणे हे पहिल्याचे काम आणि घडू शकेल ते सांगणे हे दुसऱ्याचे काम, असे विवेचन केले आहे. युद्धखेळ या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. त्याची सामग्री इतिहासाची असते. पण त्याचा शेवट आधी ठरलेला नसतो. 'घडू शकेल' ही गोष्ट कवी प्रतिभेने ठरवितो, तर युद्धखेळाचा कर्ता ती फाशांच्या आकड्यांनी ठरवितो. संभवनीयता हा शब्द येथे अक्षरशः गणिती अर्थाने घ्यावयाचा असतो.

अशा खेळात दोन घटक असतात. एक, डोळ्यांना दिसणारी प्रतिकृती: ठरावीक प्रमाणात घडविलेले सैनिक, तोफा, रणगाडे, घरे, टेकड्या. दुसरा, नियमसंहिता: कोणी किती चालावे, किती अंतरावर मारा करावा, फासा किती पडला असता काय घडले असे मानावे, याचे लिखित विधान. पहिला घटक रूपाची अनुकृती करतो, दुसरा क्रियेची. हे दोन घटक नेहमी एकमेकांना पूरक असतात, असा खेळणाऱ्यांचा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची परीक्षा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अग्निबाणधारी रणगाडे. प्रतिकृतींच्या दुकानात हा प्रकार अत्यंत आकर्षक ठरतो. आणि मेजावर मात्र रूप व क्रिया यांतील विसंवाद तोच सर्वांत उघडपणे दाखवून देतो.

२

या विसंवादाचे मूळ समजण्यासाठी युद्धखेळाच्या इतिहासाकडे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्याचे नावच सेनेच्या चार अंगांवरून पडलेले आहे. तरीही बुद्धिबळातील उंट तिरपाच का चालतो, असा आक्षेप कोणी घेत नाही. तेथे मोहऱ्याचे रूप हा केवळ संकेत असतो. प्रशियातील लेफ्टनंट राइसवित्झ याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'क्रीग्सश्पील' या खेळातही सैन्याच्या तुकड्या साध्या आयताकृती ठोकळ्यांनी दाखविलेल्या होत्या. त्या १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर सरकत, फासे टाकले जात आणि पंच निर्णय देई. ठोकळा सैन्यासारखा दिसत नव्हता, पण त्याने व्यापलेली जागा आणि त्याला लागणारा वेळ हे मात्र सैन्याशी जुळणारे होते. रूपाचा त्याग करून क्रियेची अनुकृती साधावयाची, हे त्या खेळाचे धोरण होते.

एच. जी. वेल्सच्या 'लिटल वॉर्स' (१९१३) या पुस्तकाने हे धोरण उलटे केले. त्याने खेळण्यातील शिशाचे सैनिक जमिनीवर मांडले आणि स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने लाकडी गोळी मारून ते पाडावयास सांगितले. येथे तोफ हे तोफेचे चिन्ह राहत नाही. ती आपल्यापुरती खरोखरीची तोफ होते. नेम चुकला तर तो खरोखरच चुकतो. पुढे डोनल्ड फेदरस्टोन याच्या 'वॉर गेम्स' (१९६२) या पुस्तकाने या छंदाला व्यापक वाचकवर्ग मिळवून दिला. त्यात दुसऱ्या महायुद्धासाठी लायनेल टार याच्या नियमांचाही समावेश होता. याच सुमारास एअरफिक्ससारख्या उत्पादकांनी प्लॅस्टिकचे लहान सैनिक व रणगाडे अल्प किमतीत उपलब्ध केले. या टप्प्यावर एक महत्त्वाचा संकर झाला. वेल्सची हुबेहूब प्रतिकृती राहिली. तिची गोळी मात्र गेली आणि तिच्या जागी राइसवित्झचा फासा आला. आजचा मेजावरील युद्धखेळ हा या संकराचा वारस आहे. प्रतिकृती आता स्वतः काही करीत नाही. ती फक्त दिसते. कृती सगळी नियम करतो.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास येथे श्रीशंकुकाच्या चित्रतुरगन्यायाची आठवण होईल. चित्रातील घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते ज्ञान सत्यही नसते, मिथ्याही नसते, संशयही नसतो आणि केवळ सादृश्याचेही नसते. मेजावरील रणगाड्याकडे पाहणाऱ्या खेळाडूची प्रतीती याच जातीची असते. पण अभिनवगुप्ताने आपले गुरू भट्टतौत यांचा जो आक्षेप नोंदविला आहे, तोही येथे तितकाच लागू पडतो. नटाचा मुकुट, वेष, अंगविक्षेप ही बाह्य व जड असतात. त्यांच्या द्वारे अंतःस्थ अशा चित्तवृत्तीचे अनुकरण कसे होणार, असा तो आक्षेप आहे. प्रतिकृतीविषयी आपला प्रश्नही असाच आहे: लोखंडाच्या आकाराचे अनुकरण केल्याने त्या लोखंडाच्या कार्याचे अनुकरण होते काय?

३

अग्निबाणाचे शस्त्र म्हणून वैशिष्ट्य काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. हे शस्त्र आपल्याकडे अपरिचित नाही. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत ते 'बाण' या नावाने येते. म्हैसूरच्या सैन्यातील लोखंडी नळीच्या बाणांचा इंग्रजांनी जो अनुभव घेतला, त्यातून विल्यम काँग्रीव्ह याला आपल्या अग्निबाणांची प्रेरणा मिळाली. १८०७ मध्ये कोपनहेगन शहरावर त्यांचा मोठ्या प्रमाणात मारा झाला. तोफेचा गोळा नळीतून बाहेर पडतानाच पूर्ण वेग घेऊन निघतो आणि त्या धक्क्याची प्रतिक्रिया तोफेला सोसावी लागते. अग्निबाण आपले इंधन स्वतःबरोबर वाहून नेतो. त्यामुळे त्याच्या आधाराला जवळजवळ धक्का बसत नाही आणि पातळ पत्र्याच्या साध्या चौकटीवरूनही अनेक बाण सोडता येतात. परंतु याची किंमत अचूकतेने द्यावी लागते. नळी सोडताना बाणाचा वेग कमी असतो. त्या क्षणी वारा, शेपटाचे पंख किंवा ज्वलनाचा दाब किंचित तिरपा झाला, तरी पुढे तो बराच भरकटतो. म्हणून अग्निबाण एकेकटा फारसा उपयोगी नसतो. तो समूहाने सोडावयाचा असतो आणि त्याचे लक्ष्य एखादी वस्तू नसून एक क्षेत्र असते.

हे तत्त्व रणगाड्यावर बसविण्याचे प्रयत्न महायुद्धात निरनिराळ्या सैन्यांनी केले. सोव्हिएत सैन्याने प्रसिद्ध 'कात्यूशा' मुख्यतः मालमोटारींवर बसविल्या; १४ जुलै १९४१ रोजी ओर्शा येथे त्यांचा पहिला मारा झाला. पण टी-४० व टी-६० या हलक्या रणगाड्यांच्या सांगाड्यावर ८२ मिलिमीटरचे २४ बाण बसविलेला प्रकारही त्यांनी तयार केला. अमेरिकनांचा टी-३४ 'कॅलिओपी' हा सर्वांत नेत्रवेधक होय. शर्मन रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावर ६० नळ्यांची चौकट उभी केलेली, वर ३६ आणि खाली दोन्ही बाजूंस बारा-बारा. चौकट एका दांड्याने तोफेच्या नळीला जोडलेली असल्यामुळे तोफ वरखाली केली की चौकटही वरखाली होई. मात्र मूळ रचनेत ती जोडलेली असताना तोफ डागता येत नसे. ब्रिटिशांच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या पहिल्या बटालियनने १९४५ च्या वसंतात आपल्या शर्मन रणगाड्यांच्या बुरुजाला दोन्ही बाजूंस विमानाचे एकेक अग्निबाण लावले. या जोडणीला 'ट्यूलिप' म्हणत. टायफून विमानावरून सुटताना या बाणाला विमानाचा वेग मिळत असे. उभ्या रणगाड्यावरून सुटताना तो मिळत नसल्याने नेमाचा भरवसा राहत नसे. जर्मनांचा 'श्टुर्मटायगर' हा यांहून वेगळा. टायगर रणगाड्याच्या सांगाड्यावर ३८० मिलिमीटर व्यासाची आखूड नळी. तिच्यातून सुमारे साडेतीनशे किलो वजनाचा एकच अग्निबाण सुटे. असे केवळ १८ रणगाडे तयार झाले.

या शस्त्रांची नावे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. कॅलिओपी हे ग्रीक पुराणातील महाकाव्याच्या अधिष्ठात्रीचे नाव; परंतु रणगाड्याला ते थेट तिच्यावरून मिळालेले नाही. वाफेवर वाजणाऱ्या, जत्रेतल्या कर्कश वाद्याला अमेरिकेत कॅलिओपी म्हणत. चौकटीतील नळ्यांची रांग त्या वाद्यासारखी दिसे आणि तिचा आवाजही तसाच कानठळ्या बसविणारा. कात्यूशा हे नाव १९३८ च्या एका लोकप्रिय गीतावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. तिच्या माऱ्याखाली सापडलेल्या जर्मन सैनिकांनी तिला 'स्टालिनचा ऑर्गन' म्हटले. नावे देणारे वेगवेगळ्या पक्षांचे, वेगवेगळ्या भाषांचे. तरी या नावांत वाद्य आहे किंवा गाणे आहे. ज्यांनी हे शस्त्र वापरले आणि ज्यांनी ते सोसले, त्या दोघांच्याही स्मृतीत ते प्रथम ध्वनी म्हणून उरले. प्रतिकृतीत नेमका हाच गुण येऊ शकत नाही. मेजावरील कॅलिओपी मूक असते.

४

ध्वनीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून अंतराचा विचार करू. आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा दरवाज्यापाशी उभा असलेला मातीचा मावळा पुष्कळदा दरवाज्याहून उंच असतो आणि गडाच्या माथ्यापर्यंत जावयास त्याला चार पावले पुरेशी असतात. हा विसंवाद कोणाला खटकत नाही, कारण तेथे कोणी अंतर मोजीत नाही. युद्धखेळात मात्र पट्टी घेऊन अंतर मोजतात, आणि म्हणून तेथे आकृतीचे प्रमाण व भूमीचे प्रमाण असे दोन वेगळे हिशेब ठेवावे लागतात.

कॅलिओपीच्या अग्निबाणाचा पल्ला सुमारे ४००० यार्ड, म्हणजे ३६०० मीटरहून थोडा अधिक होता. प्रतिकृती १ : ७२ प्रमाणात घेतली, तर याच प्रमाणात हा पल्ला सुमारे ५० मीटर होतो. १ : ५६ प्रमाणात तो ६५ मीटर होतो. आता सामान्यतः वापरले जाणारे मेज सहा फूट लांब व चार फूट रुंद असते. १ : ७२ प्रमाणात त्याची लांबी म्हणजे प्रत्यक्षातील सुमारे १३० मीटर. म्हणजे आकृतीचे प्रमाण खरे मानले, तर कॅलिओपीला मारा करावयासाठी खोलीबाहेर, रस्ता ओलांडून, दुसऱ्या एखाद्या घरात उभे करावे लागेल. उलट भूमीसाठी १ : १००० असे प्रमाण घेतले, तर पल्ला साडेतीन मीटरच्या आसपास येतो, तोही मेजाच्या लांबीच्या दुप्पट. आणि या दुसऱ्या हिशेबात आठ सेंटिमीटर लांबीचा शर्मन प्रत्यक्षातील ८० मीटर जागा व्यापतो. एका गल्लीत एक रणगाडा शिरला की गाव भरून जाते.

रायफल, मशीनगन किंवा रणगाड्याची साधी तोफ यांच्या बाबतीतही हा विसंवाद असतोच. परंतु तेथे तो झाकता येतो, कारण समोरासमोर दिसणाऱ्या शत्रूवर गोळी झाडणे ही क्रिया मेजावर ओळखू येते. अग्निबाण दूरच्या, पुष्कळदा न दिसणाऱ्या क्षेत्रावर मारा करण्यासाठी आहे. त्याला मेजावर आणणे म्हणजे त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध त्याला समोरासमोरच्या झुंजीत उतरविणे. कथेत नुसता उल्लेख पुरेसा असलेल्या पात्राला रंगमंचावर आणून बसवावे, तसे हे होते. प्रत्यक्षात त्याचे येणे दुरून, आकाशातून. मेजावर मात्र तो लाकडी कुंपणाआड, शत्रूच्या पायदळापासून अर्ध्या वितीवर उभा असतो. आणि त्याला तेथे आणण्याचे कारण एकच: तो दिसावयास हवा. ज्या प्रतिकृतीच्या साठ नळ्या एकेक करून चिकटविण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या, ती मेजाबाहेर ठेवावयास कोण तयार होईल?

५

नियमकर्त्यांनी या अडचणीतून काढलेल्या वाटा स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली वाट अशी की, अग्निबाणधारी रणगाडा मेजावर आणावयाचाच नाही. त्याचा मारा 'मेजाबाहेरील साहाय्य' म्हणून कागदावर नोंदवावयाचा आणि ठरलेल्या डावात त्याचा परिणाम फाशाने ठरवावयाचा. अंतराच्या दृष्टीने ही वाट सर्वांत प्रामाणिक आहे. मात्र तिने प्रतिकृतीला बेकार केले, म्हणून ती फारशी लोकप्रिय नाही.

दुसरी वाट, रणगाडा मेजावर आणून त्याला एखाद्या मोठ्या तोफेसारखे वागवावयाचे: लक्ष्य निवडा, फासा टाका, लागला तर शत्रूचा रणगाडा उद्ध्वस्त. ही वाट सोपी आहे आणि ती सपशेल चुकीची आहे. अग्निबाण नेमाचे शस्त्र नसून विखुरण्याचे शस्त्र आहे, ही मूळ गोष्टच तिच्यात हरवते. या नियमांनी खेळणारा विद्यार्थी, कॅलिओपी हा शर्मनचाच अधिक सामर्थ्यवान प्रकार होता, असे शिकतो. वस्तुतः ती काही काळापुरती आपली तोफ गमावून बसलेली, उंच, दुरून दिसणारी आणि एका माऱ्यानंतर रिकामी होणारी गाडी होती.

तिसऱ्या वाटेत संपूर्ण सरबत्ती एका पारदर्शक चौकोनी साच्याने दाखवितात. साचा मेजावर ठेवला जातो, फाशाने त्याचे विचलन ठरते, आणि मग साच्याखाली आलेल्या प्रत्येक तुकडीसाठी, मग ती शत्रूची असो वा स्वतःची, वेगळा फासा पडतो. ही वाट अधिक खटपटीची आहे. पण अनुकृतीच्या दृष्टीने हिची श्रेष्ठता सहज दाखविता येते. अग्निबाणांच्या माऱ्यात दोन वेगळ्या चुका एकत्र येतात. संपूर्ण सरबत्तीचा मध्यबिंदूच इच्छित स्थानापासून दूर पडणे, ही एक. आणि त्या मध्याभोवती सुटे बाण विखुरणे, ही दुसरी. पहिली चूक सर्व बाणांना समान असते, दुसरी प्रत्येकाची निराळी.

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, ६० बाणांपैकी प्रत्येक बाण लक्ष्याला लागण्याची शक्यता छत्तीसात एक आहे, आणि प्रत्येक बाण इतरांपासून स्वतंत्र आहे. तर सरासरीने पावणेदोनच्या आसपास बाण लागतील; एकही न लागण्याची शक्यता शेकडा १८, आणि चार किंवा अधिक लागण्याची शक्यता शेकडा ८ ते ९. आता दुसरे गृहीत घ्या: निम्म्या वेळा सरबत्तीचा मध्यच चुकतो व काहीच लागत नाही, उरलेल्या निम्म्या वेळा प्रत्येक बाणाची शक्यता अठरात एक असते. सरासरी अगदी तीच राहते. परंतु आता एकही न लागण्याची शक्यता शेकडा ५१ च्या पुढे जाते, आणि चार किंवा अधिक लागण्याची शेकडा २१ होते. पहिल्या खेळात कॅलिओपी हे भरवशाचे, मध्यम शस्त्र ठरते. दुसऱ्यात ते एक तर फुकट जाते, नाही तर अनर्थ करते. सरासरी तीच असताना अनुभव सर्वस्वी निराळा. नियमाची समीक्षा करताना 'आकडे बरोबर आहेत काय' एवढेच पाहून चालत नाही. ते आकडे कोणत्या क्रमाने व कोणत्या बंधनाने एकत्र आणले आहेत, हेही पाहावे लागते. काव्यात शब्दांइतकीच त्यांची रचना महत्त्वाची असते, हे आपण वाङ्मयाचे अभ्यासक जाणतोच.

यापुढे काळाचा प्रश्न येतो. ६० बाणांचे एकत्रित वजन एक टनाहून अधिक होते. दारूगोळ्याच्या हिशेबाने पाहता हा मारा १०५ मिलिमीटरच्या बारा हॉवित्झर तोफांनी प्रत्येकी पाच गोळे टाकण्यासारखा आहे, आणि तो काही सेकंदांत संपतो. त्यानंतर बाण एकेक करून हाताने भरावयाचे. दरम्यान उडालेली धूळ व धूर शत्रूला जागा दाखवून देतात. म्हणूनच कात्यूशाच्या तुकड्या मारा करताच जागा सोडीत. क्षणभराचा उद्रेक आणि दीर्घ असहायता, ही या शस्त्राची लय आहे. जो नियम दर डावाला पुन्हा मारा करू देतो, तो ही लय मोडतो. एका खेळात एकदाच मारा आणि नंतर माघार, हा नियम खेळाडूला कंजूष वाटेल. पण शस्त्राशी तोच इमान राखतो.

सर्वांत शेवटी ध्वनी. ज्या गुणावरून या शस्त्रांना नावे पडली तो प्रतिकृतीत येत नाही, हे वर सांगितले. तो आणण्याचे सामर्थ्य केवळ नियमात आहे. काही नियमसंहितांत माऱ्याच्या टापूतील ज्या तुकड्यांची प्रत्यक्ष हानी झाली नाही, त्यांचीही धैर्यपरीक्षा घ्यावी लागते. ती न उतरल्यास त्या जागीच खिळून राहतात किंवा मागे हटतात. माझ्या मते अग्निबाणविषयक कोणत्याही नियमाचे मर्म येथे आहे. फाशाच्या एका आकड्याने एक सैनिक उचलून बाजूला ठेवणे, ही झाली हानीची अनुकृती. ज्याला काहीच लागले नाही असा सैनिक पुढच्या डावात हलू शकत नाही, ही झाली भीतीची अनुकृती. भट्टतौतांच्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे असेल, तर ते या ठिकाणी मिळते. चित्तवृत्तीचे अनुकरण जड रूपाने होत नाही. क्रियेच्या खंडनाने मात्र तिचा प्रत्यय येऊ शकतो. खेळाडूचा हात पुढे येतो आणि थांबतो. त्या थांबण्यात मेजावरील मूक कॅलिओपी ऐकू येते.

६

आता या चर्चेतील सर्वांत अवघड उदाहरणाकडे वळले पाहिजे. श्टुर्मटायगर एकंदर १८ तयार झाले. याउलट शर्मन रणगाडे सुमारे ४९ हजार. तरीही श्टुर्मटायगरची प्रतिकृती अनेक प्रमाणांत विकली जाते आणि खेळाच्या मेजावर ती तिच्या ऐतिहासिक वाट्याहून कितीतरी अधिक वेळा दिसते. बहुतेक नियमसंहितांत प्रत्येक तुकडीला गुणमूल्य दिलेले असते. खेळाडू ठरलेल्या गुणांच्या मर्यादेत आपले सैन्य जमवितो. गुणमूल्य शस्त्राचे सामर्थ्य मोजते. त्याची दुर्मिळता मोजत नाही. काही नियमकर्ते दुर्मिळतेसाठी वेगळी मर्यादा घालतात, पण मित्रामित्रांच्या खेळात ती सहसा पाळली जात नाही. संभवनीय वाटणारी अशक्य गोष्ट ही शक्य पण अविश्वसनीय गोष्टीपेक्षा कवीने पसंत करावी, असे अ‍ॅरिस्टॉटल सुचवितो. दर रविवारी प्रत्येक मेजावर उभा असणारा श्टुर्मटायगर हा शक्य पण अविश्वसनीय या वर्गात मोडतो.

पण दुर्मिळता ही येथे लहान अडचण आहे. मोठी अडचण वेगळी आहे. हे शस्त्र मुळात वस्तीतील इमारती पाडण्यासाठी योजलेले होते, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये ते वॉर्सा येथे उठाव दडपण्यासाठी वापरले गेले. हा उठाव १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४ असा ६३ दिवस चालला. त्यात मरण पावलेल्या नागरिकांची संख्या दीड ते दोन लाख मानली जाते. त्यांतील फार मोठा भाग कत्तलींना व सर्वसाधारण तोफमारा-बाँबफेकीला बळी पडला. एका शस्त्राच्या माथी हा सारा दोष मारणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र ज्या शहरात ते वापरले गेले, ते रिकामे नव्हते, एवढे निश्चित. मेजावरील शहर मात्र रिकामे असते. तेथील पडकी घरे सुरेख रंगविलेली असतात. नियमांच्या भाषेत ती 'आडोसा' असतात. तळघरात कोण होते, हा प्रश्न नियमात येत नाही, कारण तळघरातील माणसाची प्रतिकृती कोणी विकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, खेळाकडून नीतिपाठाची अपेक्षा करू नये. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. वेल्ससारख्या युद्धविरोधी लेखकाने हा खेळ मोठ्या आवडीने रचला, आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी, असा खेळ तीन-चार वेळा खेळल्यावर खऱ्या महायुद्धात किती गोंधळ माजेल याची कल्पना यावी, अशा आशयाचे मत मांडले. पुस्तक १९१३ चे. पुढचे वर्ष १९१४. खेळाने कोणी क्रूर होतो, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. माझा मुद्दा समीक्षेच्या कक्षेतील आहे. एखादी अनुकृती अपूर्ण असणे हा दोष नव्हे. सर्वच अनुकृती अपूर्ण असतात. पण जी गोष्ट वगळली असता वर्ण्यविषयाचा अर्थच बदलतो, ती वगळणे हा दोष होय. कॅलिओपीतून भीती वगळली, तर उरते ती वाईट नेमाची तोफ. श्टुर्मटायगरमधून शहर वगळले, तर उरते ते केवळ एक विचित्र आकाराचे यंत्र. पहिला दोष नियमाने भरून काढता येतो. दुसरा भरून काढावयाचा तर नियमाला नवे घटक लागतील: पडलेल्या प्रत्येक घराची किंमत हल्ला करणाऱ्याच्या गुणांतून वजा करणे, नागरिकांना बाहेर काढण्यासाठी बचाव करणाऱ्याला आपले डाव खर्चावयास लावणे. नियमांची भाषा हे सर्व सांगू शकते. तिला ते सांगावयास लावावे, अशी मागणी आजवर पुरेशा आग्रहाने झालेली नाही, इतकेच.

७

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. युद्धखेळातील प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितकी ती खेळाडूच्या मनात खात्री निर्माण करते. पण ही खात्री केवळ रूपाविषयी असते आणि ती नकळत क्रियेलाही चिकटते. ज्या शस्त्राचे कार्य त्याच्या रूपावरून कळते, त्याच्या बाबतीत या सरमिसळीने फारसे बिघडत नाही. अग्निबाणधारी रणगाड्याचे कार्य मात्र दूरत्वात, विखुरण्यात, रिकाम्या नळ्या भरण्याच्या वेळात आणि आवाजात आहे. यांपैकी एकही गोष्ट प्रतिकृतीत नसते. म्हणून अशा प्रतिकृतीबरोबर येणारी नियमसंहिता अधिक कसोशीने तपासली पाहिजे, आणि ही तपासणी खेळाच्या रंजकतेपुरती न ठेवता, तो खेळ युद्धाविषयी काय विधान करतो, या अंगाने व्हावयास हवी.

इतिहास, संख्याशास्त्र व साहित्यशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसून करता येईल असे हे काम आहे. कोणतीही एक नियमसंहिता घ्यावी. तिच्यातील एका शस्त्राविषयीची सर्व कलमे उतरून काढावीत. प्रत्येक कलमाने काय सांगितले आणि काय वगळले, याची दोन रकान्यांत नोंद करावी. बहुधा दुसरा रकाना मोठा निघेल. तो कोणत्या शस्त्राच्या बाबतीत सर्वांत मोठा निघतो, हे पाहिल्यास आपण ज्या वस्तू सर्वांत हौसेने रंगवितो त्यांच्याविषयीच आपल्याला सर्वांत कमी ऐकावयाचे असते काय, या प्रश्नाचे उत्तर मिळू शकेल.